घरी शिकणाऱ्या पोरांचा इतिहास-भूगोल: कुठलं पुस्तक घ्यायचं?

गेल्या अंकात घरशिक्षणाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला, त्यातली निम्म्याहून जास्त पत्रं इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्रावरच. गणिताला कोणी घाबरत नाही, इथे मात्र सगळे अडलेत. म्हणून यावेळी पूर्ण सदर त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. मुलगा १२ चा, मुलगी ९ ची, दोघं घरीच शिकतात. बाकी विषयांचं बस्तान बसलंय पण सोशल स्टडीजचं काही केल्या ठरत नाहीये. ग्रुपवर बऱ्याच जणी अमेरिकन पॅकेज मागवतात, त्यात रोजचा लेसन प्लॅन, वर्कशीट, गोष्टीची पुस्तकं सगळं रेडी येतं. नवरा म्हणतो एनसीईआरटी घे, सासूबाई म्हणतात बालभारतीला काय झालंय, आम्ही त्यावरच शिकलो. तिन्ही चाळली आणि आणखीनच गोंधळले. नेमकं काय घेऊ? (एक आई, इंदिरानगर)

उत्तर: सासूबाईंचं म्हणणं निम्मं तरी बरोबर आहे, आणि हे त्या वाचतील म्हणून लिहीत नाहीये.

पण पुस्तकाच्या आधी एक ठरवा, मुलगा दहावी कुठून देणार? राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून द्यायची, म्हणजे आपण ज्याला १७ नंबरचा फॉर्म म्हणतो ते, तर इतिहास-राज्यशास्त्राचा ४० मार्कांचा आणि भूगोलाचा ४० मार्कांचा पेपर बालभारतीच्या पुस्तकावरच येणार, तिथे दुसरं कितीही भारी वाचून गेलं तरी उपयोग नाही. केंब्रिजची आयजीसीएसई द्यायची असेल तर त्यांच्या इतिहासाचा मोठा भाग पहिल्या महायुद्धानंतरच्या जगाचा आहे, त्याची तयारी वेगळी. एनआयओएसचं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं, खाली वेगळं लिहिलंय. थोडक्यात तेरा-चौदाव्या वर्षापासून परीक्षा म्हणेल ते पुस्तक, त्यात आपल्या आवडीनिवडीला फारशी जागा नाही. मोकळीक आहे ती त्याच्या आधी, आणि मुलीला तर अजून भरपूर आहे.

आता ते पॅकेज. मागवायच्या आधी अनुक्रमणिका नीट वाचा. तिकडे चौथी-पाचवीच्या सोशल स्टडीजमध्ये ५० राज्यं आणि त्यांच्या राजधान्या, १३ वसाहती, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा असं असतं, आणि ते तसंच असायला पाहिजे कारण ते त्यांच्या पोरांसाठी लिहिलंय. आपल्या पोराने व्हर्माँटची राजधानी पाठ केली आणि आपल्याच जिल्ह्यातलं सुरगाणा कुठे आहे ते माहीत नाही, तर काय करायचं ते? दुसरं म्हणजे यातली बरीच पॅकेजेस ख्रिस्ती प्रकाशकांची असतात, काहींत जगाचा इतिहास बायबलमधल्या उत्पत्तीपासूनच मोजतात. तुम्हाला चालत असेल तर चालू दे, पण पैसे भरल्यावर कळायला नको. आणि डॉलरमधली किंमत, वर कुरिअर, ते वेगळंच.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून बिनधास्त उचला. त्यातल्या कित्येक पॅकेजमध्ये इतिहास चार वर्षांच्या फेऱ्याने शिकवतात, प्राचीन, मध्ययुग, मग पुढचं, मग आधुनिक, आणि घरातली सगळी भावंडं एका वेळी एकाच काळात असतात, मोठा जाड पुस्तक वाचतो, धाकटी त्याच काळातली गोष्ट ऐकते. घरी शिकवणाऱ्या आईचा निम्मा ताप यानेच कमी होतो. गंमत म्हणजे हा फेरा बालभारतीत आयता आहे. सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग म्हणजे मुख्यतः मराठ्यांचा काळ, आठवीला इंग्रजांपासून स्वातंत्र्यापर्यंत, नववीला स्वातंत्र्यानंतरचा भारत. पीडीएफ फुकट मिळते, छापील घेतलं तरी किंमत अगदीच कमी. मग मुलगा सहावीचं पुस्तक वाचेल आणि त्याच काळातल्या गोष्टी मुलगी ऐकेल, संपलं.

एनसीईआरटीबद्दल सांगायचं तर सहावीपासून त्यांनी इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र अशी तीन पुस्तकं मोडून एकच नवीन पुस्तक केलंय, सहावीचं २०२४ ला आलं, पुढची त्यानंतर. चित्रं, नकाशे, छपाई, सगळं देखणं आहे, प्रश्नही विचार करायला लावणारे. पण ते सगळ्या देशासाठी आहे, त्यामुळे आपलं गाव त्यात कुठेतरी एका परिच्छेदात. माझं मत विचाराल तर बालभारती कणा म्हणून ठेवा आणि तोच धडा एनसीईआरटीत कसा सांगितलाय ते मुलाला शेजारी ठेवून वाचू द्या. कुठे काय जास्त लिहिलंय, काय गाळलंय, हे बारा वर्षांच्या पोराला बरोब्बर दिसतं आणि ते शोधायला मजाही येते, कुठल्याही वर्कशीटपेक्षा हे जास्त शिकवतं. फक्त एक लक्षात ठेवा, नव्या शैक्षणिक धोरणामुळे दोन्हीकडची पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलतायत, तेव्हा शेजारच्या दादाची जुनी पुस्तकं घेताना कुठल्या वर्षाची आहेत ते बघा.

आणि मुलीसाठी तर पुस्तक नंतर, आधी जिल्हा. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं निघत आलंय, नाशिक जिल्ह्याचं मिळालं तर घ्याच, बाकी पाचवीपर्यंत तिला फिरवा.

फिरवा म्हणजे नुसतं पांडवलेणी चढून, सेल्फी काढून, खाली येऊन मिसळ खायची असं नाही (मिसळ खाच, पण). तिथे १० नंबरच्या लेण्यात भिंतीवर लेख कोरलेत, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, नहपान नावाच्या क्षत्रप राजाच्या जावयाचे, त्याचं नाव उषवदात. त्यातल्या एकात तो काय सांगतो? तर मी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवलेत, २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून या लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. आता मुलाला म्हणा, कर हिशोब. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० भिक्षू गुणिले १२ बरोबर २४०. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा फिक्स डिपॉझिट आहे हा, पै न पै जुळतो! आणि हे सगळं निगमसभेत ऐकवून नोंदवलं असंही त्यात लिहिलंय, म्हणजे आजच्या रजिस्ट्रेशनसारखंच. आणि गोवर्धन म्हणजे तेच, गंगापूर रोडने पुढे गेलं की लागतं ते.

मग ३ नंबरच्या लेण्यात या. तिथला लेख गौतमी बलश्रीचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई, आणि ती म्हणते माझ्या मुलाने क्षहरातांचा वंश निपटून काढला. क्षहरात म्हणजे नहपानाचंच घराणं. एकाच डोंगरात दोन्ही पार्ट्यांच्या पाट्या! मग ही बाई खरं बोलते की मुलाचं कौतुक करते? पुरावा आपल्याच जिल्ह्यात सापडलाय. १९०६ मध्ये जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचं घबाड मिळालं, १३ हजारांच्या वर नाणी, आणि त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने वरून आपला ठसा मारलेला, नोटाबंदी न करता चलन बदललं असं म्हणा हवं तर. अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथलं म्युझियम दाखवा म्हणजे कार्षापण म्हणजे काय ते पोरांना डोळ्याने दिसेल, जायच्या आधी फोन करून वेळ विचारा. एवढं केलंत की सातवाहनांचा धडा वेगळा घ्यायची गरज नाही. लेखांची भाषांतरं १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये आहेत, ऑनलाइन फुकट सापडतं, इंग्रजी थोडं जुनाट आहे.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. नातू घरी शिकतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या आईबाबांचं म्हणणं असं की सनावळ्या पाठ करणं हे जुनाट आहे, त्याला इतिहास 'अनुभवू' द्या. परवा मी त्याला विचारलं, आधी पानिपत की आधी प्लासी? त्याला सांगता आलं नाही. मी चुकतोय का? (एक आजोबा, नाशिक रोड)

उत्तर: सर, अजिबात नाही. सन म्हणजे खुंटी आहे, ती नसेल तर गोष्टी टांगायच्या कुठे? प्लासी १७५७, पानिपत १७६१, मध्ये फक्त चार वर्षं, हे कळलं तरच पोरगं विचारणार ना की मग पानिपतनंतर इंग्रजांना मोकळं रान मिळालं का.

फक्त पन्नास नकोत. नातवाबरोबर बसून वीसेक निवडा, लांब कागदाची पट्टी भिंतीवर लावा, दहा वर्षांना एक वीत असं माप धरा, आणि त्यावर जगाचं, देशाचं, नाशिकचं एकाखाली एक लिहा. नाशिकची तर तुमच्या तोंडावर असतीलच. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. १९२८, तुमच्याच नाशिक रोडला करन्सी नोट प्रेस सुरू झाली, त्याच्या आधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. घरातल्या माणसांचे जन्म पण त्याच पट्टीवर टाका, पणजोबा कुठे येतात ते बघून नातू आपोआप प्रश्न विचारायला लागेल. आणि सुनेशी याच्यावरून वाद घालू नका, पट्टी लावा फक्त.

प्रश्न: ताई, आम्ही पंचवटीत काळाराम मंदिराच्या अगदी जवळ राहतो. मुलगी ८ वर्षांची. बाबासाहेबांनी इथे आंदोलन केलं हे तिने कुठेतरी ऐकलं आणि विचारलं, देवळात जायला आंदोलन कशाला? मी विषय बदलला. एवढ्या लहान वयात जातीबद्दल सांगावं का? पुस्तकात कधी येतं हे? (आई, पंचवटी)

उत्तर: तिने विचारलं म्हणजे वय झालं. पुस्तकात येईल तेव्हा दोन ओळींत येईल, वाट बघू नका.

सरळ सांगा. काही लोकांना त्यांच्या जातीमुळे देवळात येऊ देत नव्हते, विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, शिवू देत नव्हते, आणि ते करणारी माणसं आपल्याच गावातली होती. 'पूर्वी वाईट चालीरीती होत्या' असलं गुळमुळीत वाक्य वापरू नका, त्यातून वाटतं की चालीरीती कुठून तरी आकाशातून पडल्या. मग पुढची गोष्ट सांगा. २ मार्च १९३० ला हजारो लोक मोर्चाने मंदिराकडे गेले, बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते, बायकाही होत्या. दरवाजे बंद केलेले. लोक दरवाजासमोर बसून राहिले. पुढे रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. एक दिवस, एक महिना नव्हे, काही वर्षं चाललं हे आणि तरीही दरवाजे उघडले नाहीत. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. येवला काय, दोन तासांवर आहे, तिथे घेऊन जा. थोडी मोठी झाली की राज्यघटनेचं कलम १७ तिला मोठ्याने वाचायला लावा, दोनच वाक्यं आहेत, अस्पृश्यता नष्ट केली आणि पाळली तर गुन्हा. पण १९३० पासून १९५० पर्यंत कोणी काय सोसलं ते माहीत असल्याशिवाय ती दोन वाक्यं नुसती पाठांतराची होतात.

एक विनंती, कळकळीची. प्रोजेक्ट म्हणून ओळखीतल्या कोणाच्या घरी मुलीला पाठवून 'तुम्हाला कसा त्रास झाला सांगा' असं करू नका. आपल्या पोरीचा धडा व्हावा म्हणून दुसऱ्याने जखम का उघडी करायची? विचारायचंच तर आधी आपल्या घरात विचारा, आपल्या आजी-पणजीच्या वेळी आपल्याकडे कोण दारात थांबायचं, कपबशी वेगळी कोणासाठी होती. उत्तर द्यायला घरचे किती आढेवेढे घेतात ते बघा.

प्रश्न: मुलगा १३ चा. नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडलं की जांभया. ग्रामपंचायत, महापालिका, विधानसभा, सदस्य संख्या, पात्रता, बस्स. काही इंटरेस्टिंग कोर्स किंवा ॲप आहे का? (एक बाबा, सातपूर)

उत्तर: ॲप कशाला, पेपर घ्या. मराठी पेपरचं नाशिकचं पान.

सध्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, त्यासारखा नागरिकशास्त्राचा धडा बारा वर्षांतून एकदाच मिळतो, साहजिकच. रस्ते कोण करतंय, पैसा राज्याचा की पालिकेचा, जमीन कोणाची, पाणी कुठून. तपोवनातल्या झाडांवरून केवढा गदारोळ झाला ते मुलाने ऐकलंच असेल. त्याला विचारा, झाड तोडायची परवानगी देतं कोण? १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्षसंवर्धनाचा कायदा आहे, त्याखाली पालिकेचं वृक्ष प्राधिकरण असतं, झाडावर आणि पेपरमध्ये नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. तुमच्या एरियात अशी नोटीस दिसली की त्याचा फोटो काढा, मुलाला हरकतीचं पत्र लिहायला लावा, किंवा झाड तोडणं बरोबर आहे असं त्याला वाटत असेल तर तसं लिहू दे, पण कारण देऊन. पोच घेऊन या. जांभई येत असेल तर मला कळवा.

दुसरा धडा कांद्याचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये उठवली पण ४० टक्के शुल्क लावलं, ते पुढे कमी होत एप्रिल २०२५ पासून गेलं. लासलगावला शेतकरी रस्त्यावर, आणि त्याच वेळी मुंबई-दिल्लीत बायका म्हणतायत कांदा स्वस्त झाला बरं झालं. हा निर्णय बाजार समितीने घेतला, राज्याने की केंद्राने? का? निर्यात हा विषय केंद्राच्या यादीत आणि शेती राज्याच्या यादीत, केंद्रसूची-राज्यसूची ही भानगड एवढ्या सोप्या रीतीने कुठलंच पुस्तक सांगत नाही. एकदा मुलाला घेऊन सकाळच्या लिलावाला उभे राहा. मग त्याला दोन पत्रं लिहू द्या, एक निफाडच्या शेतकऱ्याचं, एक गिऱ्हाइकाचं, दोन्ही मनापासून.

पुस्तक फेकू नका मात्र. १७ नंबर भरणार असाल तर सदस्य संख्या आणि पात्रता शेवटी पाठ करावीच लागणार, त्याला इलाज नाही.

प्रश्न: एनआयओएसमधून दहावी करताना सोशल सायन्स घ्यावंच लागतं का? मुलीला बिलकुल आवडत नाही. (पालक, ओझर)

उत्तर: नाही. पाच विषय लागतात, त्यात किमान एक आणि जास्तीत जास्त दोन भाषा, बाकी तुमच्या मर्जीने. सामाजिक विज्ञानाऐवजी मानसशास्त्र, अर्थशास्त्र, गृहविज्ञान, चित्रकला असं बरंच आहे. वय १४ पूर्ण लागतं, परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि पाच वर्षांत थोडे थोडे विषय करून संपवता येतात. पण परीक्षेला विषय नाही म्हणून घरात इतिहास-भूगोल बंद, असं करू नका. उलट मार्कांची कटकट नाही तर आता खरं वाचता येईल.

प्रश्न: घरी शिकवलेला मुलगा पुन्हा शाळेत घालायचा झाला तर इतिहास-भूगोलात मागे पडेल का? (आई, सिन्नर)

उत्तर: प्रवेशाचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायची तरतूद आहे. जुन्या शाळेचा दाखला असेल तर जपून ठेवा, कुठेही लागतो. अभ्यासाचं म्हणाल तर हा विषय सगळ्यात कमी बुडतो, गणितासारखी एक पायरी चुकली की पुढचं अडलं असं इथे होत नाही. उन्हाळ्यात मागच्या इयत्तेचं पुस्तक एकदा वाचून घ्या, पुरे.

प्रश्न: भूगोल नकाशावरून शिकवायचा म्हणतात. कुठला नकाशा? आणि नुसत्या नकाशाने होतं का? (एक ताई, गंगापूर रोड)

उत्तर: एक चांगला मराठी शालेय ॲटलास घ्या आणि जिल्ह्याचा तालुके दाखवणारा मोठा नकाशा भिंतीवर लावा. जमलं तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे समोच्च रेषांचे नकाशे डाउनलोड करा, १:५०,००० चे, त्यावर ब्रह्मगिरी ते गंगापूर धरण हा पट्टा शोधणं हाच एका महिन्याचा अभ्यास आहे.

आणि तुम्ही गंगापूर रोडला राहता म्हणजे तर चैनच आहे. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सोडला की पेपरात आकडा येतो, एवढे हजार क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे हजार क्युसेक असेल तर दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदाला. आकडा वहीत लिहा, मग गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर, जाऊन लांबून बघा, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी आहे, कमरेला की गळ्याला. चार-पाच वेळा नोंद केली की पोरं स्वतःच अंदाज सांगायला लागतात, एवढं सोडलं की एवढं चढणार. नारोशंकराची घंटा दाखवा, वसई जिंकली १७३९ ला, तिथून आणलेली म्हणतात, इतिहासही तिथेच झाला. मग ते पाणी पुढे जातं कुठे? पैठणच्या जायकवाडी धरणात. ऑक्टोबरमध्ये तिथला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं असं ठरलंय, त्यावरून दर दुष्काळी वर्षी इकडे आणि मराठवाड्यात दोन्हीकडे ओरड होते. तेव्हा पैठणच्या एखाद्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून नाशिककडे बघायला लावा पोरांना, आपलं पोट दुखलं तरी चालेल.

पुराच्या दिवशी घाटाच्या पायऱ्यांवर मात्र उतरू देऊ नका, होळकर पुलावरून बघा.